कोड काकूंच्या फोनवर

ज्यांनी पी.पी. नंबर हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांना तो समजावून सांगायचा मला कंटाळा येतो, पण सांगते. घरात फोन नसला तरी प्रत्येक फॉर्मवर फोन नंबराची चौकट असायची. ती रिकामी सोडली की खिडकीमागचा बाबू आपल्याकडे असं बघायचा, जणू आपण अजून गावाबाहेरच राहतो. मग शेजाऱ्यांचा नंबर लिहायचा आणि त्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं टाकायची. अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्याला लागून आमची दुमजली चाळ होती. तिथे सगळ्यांचा पी.पी. नंबर एकच. वरच्या मजल्यावर जिन्याला लागून राहणाऱ्या काकूंचा.

फोन आला की काकू गॅलरीत यायच्या, कठड्यावर दोन्ही हात टेकायच्या आणि हाक मारायच्या. नुसती हाक मारून थांबतील तर त्या काकू कसल्या. कुणाचा फोन, कुठून आलाय, कशासाठी, आवाज रडका होता की हसरा, सगळं एका दमात. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या एक्स-रेमध्ये काय निघालं, हे त्या घरच्या माणसाआधी नळावरच्या बायकांना कळायचं. काकूंच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही. त्यांना त्यात काही वाईट करतोय असं वाटायचंच नाही. निरोप पोचवणं हे काम, आणि काम म्हटल्यावर ते मोठ्या आवाजात झालं पाहिजे.

पुढे त्यांच्या नाशिकच्या मुलाने त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि घरातला फोन काढून टाकला. चाळीने मुकाट्याने जुना नंबर खोडून नवा लिहायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल आला होता, तेसुद्धा सरकारी कागदावर काकूंचाच नंबर द्यायचे. आपला फोन हरवेल, बंद पडेल, बॅलन्स संपेल. काकू कुठे जाणार?

मला सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. शिक्षण झालं होतं, आणि शहाडला एका खाजगी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला मी रोज जात होते. तिथे सुट्टी मागितली की डॉक्टर माझ्याकडे असे बघायचे की रोग मलाच झालाय. वडील एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला, खोकत जायचे, खोकत यायचे. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, पोरीला पर्मनंट लागलं की सुटलो. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास सरकार ऑनलाइन झालं. म्हणजे रांग तीच राहिली, फक्त सरकारी ऑफिसातून उठून आमच्या गल्लीच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत आली. कॅफेचा सिंधी मालक उल्हासनगरहून यायचा. सगळे त्याला साईं म्हणायचे. माझं खातं त्यानेच उघडून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी बोटं मोडून विचार करायला बसले, तर त्याने माझ्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला.

"सगळ्यांचा सेमच ठेवतो मी," तो म्हणाला. "तुम लोग भूल जाते हो, फिर मेरे को बोलते हो."

त्यानंतर स्क्रीनवर गुप्त प्रश्न आला. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? उत्तर फक्त मलाच माहीत असायला हवं होतं. साईंने तिथेही आपल्या कॅफेचं नाव ठोकून दिलं. तेही सगळ्यांना सेम. तेव्हा सरकारच्या कागदोपत्री अंबरनाथची एक अख्खी पिढी पहिलीपासून त्याच्या सायबर कॅफेत शिकली आहे. शेवटी मोबाइल नंबर विचारला. मी डोळे मिटून काकूंचा सांगितला. आमच्या घरी तेव्हा मोबाइल नव्हता, आणि असता तरी मी तोच सांगितला असता.

मग उन्हाळ्यात भांडण झालं.

भांडण पाण्यावरून झालं. आमच्याकडे दुसऱ्या कशावरून भांडतात तरी कोण? जांभूळ गावच्या जलकेंद्राहून येणारं पाणी आमच्या नळाला दुपारी चारला यायचं आणि आलं आलं म्हणेपर्यंत जायचं. खाली चाळीचा सामायिक नळ, आणि त्याच लाइनवरून काकूंच्या घरात वर गेलेला एक पाइप. वर पाणी चढत नाही म्हणून काकूंनी त्या पाइपला मोटार लावली होती आणि ती गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. मोटार झाकता येते, तिचा आवाज कसा झाकणार? पाणी आलं की वर घूं घूं सुरू व्हायचं आणि खाली नळाची धार सुतासारखी बारीक व्हायची. सगळ्यांना माहीत होतं. बोललं मात्र कुणी नाही, कारण सगळ्यांचे फोन त्यांच्याकडे. एके दिवशी माझी आई बोलली. हंडा खाली ठेवला, वर बघितलं आणि भर नळावर म्हणाली, "आधी ती मोटार बंद करा, मग बाकीच्यांनी पाणी भरायचं."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोटार कुठली, कसली मोटार, तुझ्या घरचे निरोप देऊन माझे पाय झिजले, हेच का त्याचे पांग फेडलेस. आईनेही ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. रविवारी विहारात वंदनेला दोघी शेजारी शेजारी बसायच्या. आता एक पहिल्या ओळीत, तर दुसरी शेवटच्या. आमचे निरोपही बंद झाले. वडिलांनी ओव्हरटाइम करून एक मोबाइल आणला, तो माझ्याकडे राहायचा. चला, कटकट गेली, असं आम्हाला वाटलं.

वर्षअखेरीस रुग्णालयाच्या भरतीची जाहिरात आली. साईंकडे बसून मी अर्ज भरला, सगळं सुरळीत झालं. वयाची अट तेवढी मी दोनदा वाचली. याच वेळी माझं वय बसत होतं. पुढच्या भरतीला बसणार नव्हतं. काठावर नव्हते मी, काठावरून एक पाय बाहेर होता.

लेखी परीक्षेचं प्रवेशपत्र घरी येणार नव्हतं, ते वेबसाइटवरूनच काढायचं होतं. लॅबमधून सुट्टी मिळता मिळता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला खिडकी बंद. तसं वेबसाइटवर लिहिलंच होतं, 'खिडकी बंद'. सकाळीच साईंकडे गेले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पहिल्या शाळेचं नाव म्हणून त्याच्या कॅफेचं नाव टाकलं. नेहमी यानंतर आत जायला मिळायचं. त्या दिवशी नवीनच पाटी आली. आपल्या सुरक्षिततेसाठी आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर एक कोड पाठवला आहे, तो दहा मिनिटांत इथे भरा.

मी खुळ्यासारखी हातातल्या मोबाइलकडे बघत बसले. तो कशाला वाजतोय.

"नंबर कौनसा दिया था?" साईंने विचारलं.

मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांचे कोड काकूंकडे जातात हे त्याला ठाऊक होतं. गेल्या महिन्यापासून हेच चाललं होतं, मी दिवसभर शहाडला असल्याने मला त्याचा पत्ता नव्हता. साईंच्या कॅफेत माणूस बसायचा, काकूंच्या फोनवर कोड यायचा आणि काकू गॅलरीतून नावासकट तो कोड पुकारायच्या. सरकारने मोठ्या अकलेने योजलं होतं की नुसत्या पासवर्डवर विसंबून राहायचं नाही, दुसरं कुलूप पाहिजे. आमच्या चाळीत तिसरंही कुलूप होतं. काकूंची मर्जी. आणि खरं सांगते, तिन्हींमध्ये तेवढं एकच कुलूप मजबूत होतं. कशाला पाहिजे, कुणी सांगितलं, तुझ्या बापाला माहीत आहे का, एवढं विचारल्याशिवाय त्या कोड सोडत नव्हत्या.

मी काकूंना फोन लावला. त्यांनी माझा नंबर बघितला असणार. उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला. दहा मिनिटं गेली, कोड मेला. मी दुसरा मागवला, तोही तसाच गेला. साईंने पाटीवरची खालची बारीक ओळ वाचून दाखवली. तिसऱ्यांदा चुकलं तर खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

मग मी म्हटलं, नंबरच बदलून टाकू ना, डोक्याला ताप कशाला. नंबर बदलण्याची सोय होती, चांगली ठळक अक्षरात होती. तिच्यावर क्लिक केलं तर पाटी आली. नंबर बदलण्यासाठी आपल्या जुन्या नंबरवर कोड पाठवला जाईल. मला वाटतं, हे लिहिणाऱ्या माणसाने जन्मात कधी किल्ली हरवलेली नसणार, किंवा त्याची किल्ली रुसलेली नसणार.

मदतीचा एक नंबर दिला होता. बराच वेळ सनई ऐकल्यावर एका माणसाने उचलला. मी सगळं सांगितलं, पी.पी. काय असतं तेसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मोबाइल ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन ऑफिसला या."

"त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"मग त्यांना बोलायला सांगा," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सरकारी माणसाने मला आयुष्यात दिलेला तेवढा एकच उपयोगी सल्ला.

दुपारी मी जिना चढून वर गेले. काकू दारात बसून लसूण सोलत होत्या. मोबाइल शेजारी सुपात ठेवला होता.

"काकू, तुमच्या फोनवर माझा कोड आला असेल."

"आलाय ना. दोनदा आलाय," लसणाकडे बघतच त्या म्हणाल्या. "पण तो तुझाच कशावरून? त्याच्यावर काय नाव नाय लिहिलं. उद्या मी भलत्याचा कोड भलत्याला दिला तर? सरकार मला पकडेल."

सरकारने 'कोड कुणालाही सांगू नका' असं प्रत्येक मेसेजखाली लिहिलं होतं आणि पूर्ण अंबरनाथमध्ये तो नियम पाळणारी ती पहिली बाई, तीही नेमकी त्याच दिवशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तोंड आवरलं. म्हटलं, काकू, आज शेवटचा दिवस आहे, सहाला बंद होणार, पुढच्या वेळी माझं वय बसत नाही.

लसूण सोलणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, देतील. पण नाही.

"तुझ्याशी माझं काय भांडण नाय, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझी आई चारचौघांत बोलली. चारचौघांत मागे घेऊ दे. मग माग तुझा कोड."

खाली येऊन मी आईला सांगितलं. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने आलं होतं. म्हटलं, तू काही जायचं नाही हां, मोटार आहे ती आहे, शहाडच्या लॅबमध्ये मरेन पण त्या बाईपुढे तुला वाकू देणार नाही. आई तांदूळ निवडत होती. तिने एकच विचारलं.

"पुढच्या वेळी तुझं वय बसतंय का?"

"नाही."

ती परत तांदूळ निवडायला लागली.

माझी आई खोटं बोलायची नाही. ही काही मुलीने आईची करायची ती तारीफ नव्हे, ती आमच्या घरातली एक अडचण होती. पाहुणे दारात असताना 'घरी नाहीत म्हणून सांग' असं वडिलांनी आतून खुणावलं तर ती 'आत आहेत, पण भेटायचं नाय म्हणतात' असं सांगायची. पंचशील ती नुसतं म्हणत नव्हती. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तिने अगदी अक्षरशः घेतलं होतं. त्यापायी तिने नातेवाईक तोडले होते. आम्ही तिला हसायचो आणि मनातून घाबरायचोही.

चारला पाणी आलं. सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन नळावर जमल्या, पुरुष कठड्यांना टेकून उभे होते. वर काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चाळीला आधीच सांगून ठेवलं असणार, कारण त्या दिवशी पाण्यासाठी रेटारेटी नव्हती. आई रिकाम्या हाताने खाली उतरली. पदर खांद्यावरून घेतला आणि वर बघून म्हणाली, "मी मोटारीचं बोलले होते ते चुकीचं होतं. तुमच्याकडे मोटार नाय. माझ्या डोळ्यांना दिसलं ते खोटं होतं."

ती हे बोलत होती तेव्हा वर मोटार घूं घूं करत होती. सगळ्यांना ऐकू येत होती. नळाला सुतासारखी धार होती आणि तिच्याखाली एक कळशी टपटपत होती. कुणी हसलं नाही, कुणी एकमेकांकडे बघितलंही नाही. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि ती वेबसाइट, तो कोड, ते रुग्णालय, सगळं तिच्यात जावं.

काकू म्हणाल्या, "बस झालं." त्या आत गेल्या. घूं घूं बंद झालं आणि नळाला मनगटाएवढी धार आली. मग त्या मोबाइल घेऊन परत बाहेर आल्या.

"जा. मागव तुझा कोड."

मी चपला न घालताच नाक्याकडे पळाले. साईं सगळं भरून तयार बसला होता. तिसरा आणि शेवटचा कोड मागवला आणि काकूंचा फोन येईल म्हणून माझा मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले. फोन आलाच नाही. हातात फोन आहे तर त्यावरून फोन करावा, हे काकूंना सुचणं शक्यच नव्हतं. त्या गॅलरीत आल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने ओरडल्या. तो आवाज नळावरच्या बायकांनी उचलला. त्यांच्याकडून पिठाच्या गिरणीवाल्याने घेतला, त्याने रिक्षा स्टँडला दिला, आणि स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने कॅफेच्या दारात तोंड घालून माझा गुप्त कोड मला खणखणीत आवाजात सांगितला. एक आकडाही चुकला नाही. साईंने तो भरला. स्क्रीनवर हिरवी पाटी आली. आपला प्रवेश सुरक्षित आहे, आपली गुप्त माहिती कुणालाही देऊ नका.

प्रवेशपत्राचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला. मी नंबर बदलायचा विचार केला, पण त्यासाठी पुन्हा कोड काकूंकडेच जाणार होता. आता आईला काय कबूल करायला लावतील कोण जाणे. राहू दे म्हटलं.

त्या रविवारी आई विहारात गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी गेली, मी शेजारी बसले होते. पंचशील सुरू झालं. ती तीन शीलं म्हणाली, चौथ्याला गप्प बसली आणि पाचवं परत म्हणाली. मी मान वर केली नाही.

परीक्षा बदलापूरला एका शाळेत झाली. दारावर वॉचमन खुर्चीत बसला होता. मी प्रवेशपत्र पुढे केलं, फोटो दिसेल असं, सरळ धरून. तो पेपर वाचत होता. "जा, जा, वर जा," म्हणाला. त्या कागदाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या जागी काकू आत गेल्या असत्या तरी चाललं असतं.

पेपर मला बरा गेला. मी घरी तसंच सांगितलं. मग वाट बघणं सुरू झालं. निकाल मोबाइलवर कळवू असं लिहिलं होतं. म्हणजे काकूंच्या. आई आणि काकू अजून बोलत नव्हत्या, पण मोटार मात्र त्या दिवसापासून चारला बंद असायची, खालचे हंडे भरले की मग सुरू व्हायची. चाळीत मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, लागला का निकाल? आणि लगेच स्वतःच म्हणायचं, लागला की कळेलच म्हणा.

एका दुपारी आमच्या दारात सावली पडली. काकू होत्या. भांडणानंतर त्या पहिल्यांदाच खाली आमच्याकडे आल्या होत्या, आणि हाक न मारता आल्या होत्या. मोबाइल पदराखाली धरला होता. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाट पुढे सरकवला. काकू बसल्या नाहीत. मोबाइल माझ्या हातात देऊन अगदी हळू म्हणाल्या, "इंग्लिश आहे. पण त्यात 'नॉट' लिहिलंय बघ. तेवढं येतं मला."

होतंच लिहिलेलं. निवड झालेली नाही. मी दोनदा वाचलं, मग आईकडे बघून मान हलवली. आई भिंतीला टेकून खाली बसली. मला रडू आलं नाही. फक्त उद्या सकाळी शहाडला जायचंय, परवाही जायचंय, असं डोक्यात फिरत राहिलं.

"पुसू का हा मेसेज?" काकूंनी विचारलं. त्यांना पुसता येत नव्हतं. मीच बटण दाबलं. त्या मोबाइल पदराखाली घेऊन आल्या तशा परत गेल्या.

चारला पाणी आलं. आई हंडा घेऊन गेली, मी दाराआड उभी राहिले. बायकांच्या गलक्यात कुणीतरी मान वर करून विचारलं, "काय हो काकू, आमच्या पोरीचा निकाल कधी लागणार?"

काकू कठड्यावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. "नाय लागला अजून," त्या सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लागला असता तर मला मेसेज आला असता ना."